एस. टी. प्रवास सवलती : शेतकरी कुटुंबाने लाभ कसा घ्यावा?

रत्नागिरी जिल्ह्यातील गावे डोंगरउतारावर आणि खाड्यांच्या काठाने वाड्यावाड्यांतून विखुरलेली आहेत. प्राथमिक शाळा बहुधा गावात असते. परंतु माध्यमिक शाळा, कनिष्ठ महाविद्यालय, आठवड्याचा बाजार, बँक, तहसील कचेरी आणि ग्रामीण रुग्णालय यांसाठी गावाबाहेर पडावेच लागते. ज्या घरात स्वतःचे वाहन नाही, त्या घराला एस. टी. हाच आधार आहे.

शेतीचा जमाखर्च लिहिताना आपण बियाणे, खत, मजुरी, फवारणी, खोकी आणि मालाची वाहतूक यांचा खर्च धरतो. घरातील माणसांच्या जाण्यायेण्याचा खर्च मात्र बहुधा कोठेही लिहिला जात नाही. तो रोज थोडाथोडा खिशातून जातो, म्हणून जाणवत नाही. महिनाअखेर बेरीज केली तर पाच माणसांच्या घरात ही रक्कम खताच्या कित्येक गोण्यांच्या किमतीएवढी भरते. पैशाची ओढ लागली की या खर्चाला सर्वप्रथम कात्री लागते. आणि ती बहुधा मुलीच्या पुढच्या शिक्षणाला, म्हातारीच्या डोळ्यांच्या तपासणीला किंवा चालू असलेल्या औषधोपचाराला लागते. हे नुकसान जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही, पण ते भरून येण्यास वर्षे लागतात.

महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून सुमारे तीस सामाजिक घटकांना प्रवासभाड्यात सवलत मिळते. सवलतीची रक्कम राज्य शासन महामंडळाला भरून देते. यांपैकी अनेक सवलती सामान्य शेतकरी कुटुंबाला लागू आहेत. तरीही हातात योग्य कागद नसल्यामुळे किंवा पास वेळेवर न काढल्यामुळे पुष्कळ कुटुंबे पूर्ण भाडे भरत राहतात. प्रस्तुत लेखात या सवलती, त्यांसाठी लागणारे कागद, पास आणि तिकीट यांचा हिशेब व अर्जाची वेळ यांविषयी माहिती दिली आहे.

१. सवलत कशाच्या आधारे मिळते?

अनेकांचा असा समज असतो की, दारिद्र्यरेषेखालील कार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखविल्याखेरीज प्रवासात सवलत मिळत नाही. एस. टी.च्या बाबतीत हा समज बरोबर नाही. महिला, ज्येष्ठ नागरिक व विद्यार्थी यांच्या सवलतीसाठी उत्पन्नाची अट नाही. येथे वय, शिक्षण, दिव्यांगत्व किंवा आजार हे निकष आहेत. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालण्यापूर्वी आपल्या घरातील कोणती व्यक्ती कोणत्या निकषात बसते, हे प्रथम पाहावे.

उत्पन्नावर आधारित सवलतीचे उदाहरण रेल्वेचे आहे. २००९ मध्ये रेल्वेने असंघटित क्षेत्रातील, दरमहा १५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या व्यक्तींसाठी ‘इज्जत’ नावाचा मासिक पास सुरू केला. २५ रुपयांत १०० किलोमीटरपर्यंत महिनाभर प्रवास, असे त्याचे स्वरूप होते. पास चांगला होता. परंतु त्यासाठी अधिकृत व्यक्तीकडून उत्पन्नाचे प्रमाणपत्र आणावे लागे. परदेशातही हाच अनुभव आहे. अमेरिकेतील सिएटल शहराच्या परिसरात २०१५ पासून अल्प उत्पन्न गटाला कमी भाड्याचे कार्ड दिले जाते. त्यासाठी आधी अर्ज व उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो. उत्पन्न सिद्ध करण्यापेक्षा वय किंवा शाळेतील प्रवेश सिद्ध करणे सोपे असते. एस. टी.च्या पद्धतीचा हा मोठा फायदा आहे आणि तो आपण पुरेपूर घेतला पाहिजे.

२. महिलांसाठी अर्धे तिकीट

‘महिला सन्मान योजना’ १७ मार्च २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार एस. टी.च्या सर्व प्रकारच्या गाड्यांत महिलांना मूळ भाड्यात ५० टक्के सवलत आहे. साधी गाडी असो वा वातानुकूलित शिवशाही, सवलत सारखीच आहे. यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. तिकीट घेताना पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात.

(अ) सवलत मूळ भाड्यावर आहे. अपघात सहायता निधी आणि वातानुकूलित गाडीवरील कर वेगळा आकारला जातो. त्यामुळे तिकीट बरोबर निम्मे न येता थोडे जास्त येते. यात वाहकाची चूक नसते.

(आ) सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. रत्नागिरीहून पणजीला जाणाऱ्या महिलेला हद्दीपर्यंतच्या भाड्यावर सवलत मिळते. पुढील टप्प्याचे भाडे पूर्ण पडते.

(इ) सवलत प्रवाशाच्या तिकिटावर आहे, ओझ्यावर नाही. भाजीची पाटी, सुक्या मासळीची टोपली किंवा आंब्याची पेटी यांचे नियमानुसार होणारे भाडे वेगळे द्यावे लागते.

(ई) वडाप, रिक्षा व खासगी गाड्यांना ही सवलत लागू नाही. जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावे येथील फेरीबोटी एस. टी.च्या नाहीत, तेथेही ती मिळत नाही. खाडी ओलांडून जाणाऱ्या प्रवासाचा हिशेब करताना हा खर्च निराळा धरावा.

शेजारच्या कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली तेथील रहिवासी महिलांना राज्याच्या साध्या गाड्यांतून मोफत प्रवास आहे. बेळगाव, निपाणीकडील मराठी भगिनी तिचा लाभ घेतात. परंतु ती योजना कर्नाटकातील रहिवाशांसाठीच आहे. आपल्याकडील महिलेने तिकडील गाडीत तिकीट काढावे लागेल, हे गृहीत धरावे.

३. ज्येष्ठ नागरिक

वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठ नागरिकांना ७५ वर्षांपर्यंत भाड्यात ५० टक्के सवलत आहे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजने’खाली २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्याच्या हद्दीत विनामूल्य प्रवास आहे. ही योजना शहरी वाहतुकीच्या गाड्यांना लागू नाही. रत्नागिरी शहरातही एस. टी.च्या शहरी गाड्या धावतात. तेव्हा बाहेरगावची गाडी आणि शहरी गाडी यांतील फरक घरातील वृद्धांना समजावून सांगावा.

येथे खरी अडचण वयाच्या पुराव्याची येते. जुन्या पिढीतील पुष्कळ माणसांची जन्मनोंद झालेली नाही. आधार कार्ड काढताना अंदाजाने वर्ष सांगितले गेले आणि तेच छापले गेले. वाहक ओळखपत्रावरील तारीखच पाहतो. त्याने तीच पाहिली पाहिजे. म्हणून घरातील वृद्धांचे आधार कार्ड, मतदार ओळखपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला हे तिन्ही काढून त्यांवरील जन्मतारखा ताडून पाहाव्यात. फरक असल्यास शाळेचा दाखला किंवा अन्य अधिकृत पुरावा घेऊन आधार केंद्रावर दुरुस्ती करून घ्यावी. सवलतीसाठी वय वाढवून खोटी तारीख घालण्याच्या भरीस मात्र कोणी पडू नये. तो गुन्हा आहे; शिवाय तीच तारीख पुढे पेन्शन, विमा आणि वारसाच्या कामात आडवी येते.

आधार कार्डाखेरीज मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना, पारपत्र यांसारखी छायाचित्र व जन्मतारीख असलेली शासकीय ओळखपत्रे चालतात. मूळ कार्ड पावसात भिजू नये म्हणून ते प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावे.

४. विद्यार्थी व विद्यार्थिनी

शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची सवलत आहे, कारण शाळेचा प्रवास रोजचा असतो.

ग्रामीण भागातील इयत्ता पाचवी ते बारावीच्या मुलींना ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर योजने’खाली घर ते शाळा असा मोफत पास मिळतो. पूर्वी ही योजना दहावीपर्यंत होती. पुढे ती बारावीपर्यंत वाढविण्यात आली. ही गोष्ट अजूनही काही पालकांना ठाऊक नसते. दहावीनंतर मुलीचे शिक्षण थांबविण्यामागे ‘रोजचे भाडे परवडत नाही’ हे कारण सांगितले जाते. गावातून तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयापर्यंत एस. टी. जात असेल, तर हे कारण उरलेले नाही. आपल्या वाडीत अशी मुलगी असल्यास तिच्या आईवडिलांना हे आवर्जून सांगावे.

मुलांना, तसेच बारावीनंतर शिकणाऱ्या मुलामुलींना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. म्हणजे विद्यार्थ्याला भाड्याचा एकतृतीयांश भाग भरावा लागतो. तांत्रिक व व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्यांनाही ती मिळते. बारावीनंतर शिकणाऱ्या मुलीपुढे दोन मार्ग असतात : एकतृतीयांश भाड्याचा पास किंवा महिला म्हणून अर्धे तिकीट. रोज जाणार असेल तर पास घ्यावा. आठवड्यातून एखादा दिवस जाणार असेल तर अर्धे तिकीट घ्यावे.

पासासाठी शाळेचे प्रमाणपत्र, आधार कार्ड व छायाचित्र लागते. अर्जावर मुख्याध्यापकांची अथवा प्राचार्यांची सही व शिक्का असावा. अर्जात घरचा थांबा आणि शाळेचा थांबा यांची नावे एस. टी.च्या फलकावर आहेत तशीच लिहावीत. एकाच नावाच्या गावात दोन-तीन थांबे असतील तर नेमका थांबा लिहावा. पास त्या दोन थांब्यांच्या दरम्यानच चालतो. जून २०२४ मध्ये महामंडळाने विद्यार्थ्यांचे पास थेट शाळेत देण्याची मोहीम घेतली. यासाठी शाळेने विद्यार्थ्यांची यादी आगाराला द्यावी लागते. आपल्या शाळेने यादी दिली आहे किंवा नाही, हे पालकांनी शाळा उघडण्याच्या आठवड्यातच मुख्याध्यापकांना विचारावे. शाळेत सोय झाली नसेल तर आगारातील पास खिडकीवरून पास घ्यावा.

५. दिव्यांग व रुग्ण

किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीला एस. टी. भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास सोबत्याला ५० टक्के सवलत मिळते. यासाठी केंद्र शासनाचे दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र काढून घ्यावे. त्याचा अर्ज ऑनलाइन करून तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात जावे लागते. तपासणीचा वार आधी विचारून मगच घरातून निघावे. अन्यथा मंडणगड, दापोलीहून रत्नागिरीपर्यंतचा दिवसभराचा प्रवास वाया जातो.

कर्करोग, क्षयरोग व कुष्ठरोग यांच्या रुग्णांना ७५ टक्के सवलत आहे. सिकलसेल, एच. आय. व्ही., डायलिसिस व हिमोफिलिया या रुग्णांना साध्या व निमआराम गाड्यांत विनामूल्य प्रवास आहे. यासाठी उपचार करणाऱ्या अधिकृत वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. रुग्णालयातून घरी सोडताना किंवा पहिल्याच भेटीत हे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

या सवलतीमागील हेतू नीट समजून घेणे आवश्यक आहे. क्षयरोगाची औषधे शासकीय दवाखान्यात विनामूल्य मिळतात. पण ती ठरलेल्या मुदतीपर्यंत अखंड घ्यावी लागतात. मध्येच खंड पडला तर रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात. डायलिसिस तर आठवड्यातून दोन-तीन वेळा करावेच लागते. औषध फुकट पण दवाखान्याचे भाडे महाग, अशी स्थिती झाली तर उपचार रस्त्यातच थांबतो. म्हणून घरात असा रुग्ण असल्यास प्रवास सवलतीचा कागद हा औषधाच्या चिठ्ठीइतकाच महत्त्वाचा मानावा.

६. रोज कामावर जाणारे पुरुष

लोटे-परशुराम किंवा रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत, तालुक्याच्या दुकानांत वा बांधकामावर रोज जाणाऱ्या पुरुषांना वरीलपैकी कोणतीच सवलत बसत नाही. त्यांच्यासाठी मासिक व त्रैमासिक पास आहेत. मासिक पासात २० दिवसांचे भाडे भरून ३० दिवस प्रवास करता येतो. त्रैमासिक पासात ५० दिवसांचे भाडे भरून ९० दिवस प्रवास करता येतो.

यावरून हिशेब सोपा आहे. महिन्यात २० पेक्षा जास्त दिवस जाणार असल्यास मासिक पास फायद्याचा ठरतो. तीन महिन्यांत ५० पेक्षा जास्त दिवस, म्हणजे महिन्याला सरासरी १७ दिवस जाणार असल्यास त्रैमासिक पास फायद्याचा ठरतो. मात्र भात लावणी, कापणी किंवा आंबा काढणीसाठी मध्येच पंधरा-वीस दिवस रजा घ्यावी लागणार असेल, तर त्रैमासिक पासाची सुरुवात त्या कामानंतर करावी. लावणी संपल्यावर घेतलेला पास बहुधा कापणीपर्यंत पूर्ण वापरला जातो.

महिलांनी येथे थोडा विचार करावा. एकेरी भाडे ४० रुपये धरले, तर पूर्ण भाड्याने रोजचे ८० रुपये होतात व मासिक पास १६०० रुपयांना पडतो. महिलेला अर्ध्या तिकिटाने रोजचे ४० रुपये लागतात. महिन्याचे २५ दिवस गेले तरी १००० रुपयेच होतात. म्हणजे महिलेने पूर्ण भाड्याचा मासिक पास काढणे तोट्याचे आहे.

७. एका कुटुंबाचा नमुना हिशेब

समजा, एका घरात पुढील पाच माणसे आहेत व सर्वांचे तालुक्याचे एकेरी भाडे सोयीसाठी ४० रुपये धरले आहे. निधी व पूर्णांकामुळे पडणारा किरकोळ फरक यात धरलेला नाही.

तक्ता : महिन्याचा प्रवासखर्च (रुपये)

कुटुंबप्रमुख, कामावर २५ दिवस — पूर्ण भाड्याने २०००. मासिक पासाने १६००

पत्नी, भाजीविक्रीसाठी ८ दिवस — पूर्ण भाड्याने ६४०. अर्ध्या तिकिटाने ३२०

मुलगी, इयत्ता अकरावी, २४ दिवस — पूर्ण भाड्याने १९२०. मोफत पासाने ०

मुलगा, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, २४ दिवस — पूर्ण भाड्याने १९२०. विद्यार्थी पासाने अंदाजे ६४०

आजी, वय ७६, दवाखान्यासाठी २ दिवस — पूर्ण भाड्याने १६०. अमृत योजनेत ०

एकूण — पूर्ण भाड्याने ६६४०, सवलतीने २५६०

म्हणजे महिन्याला ४०८० रुपये वाचतात. यातील सर्वांत मोठा वाटा दोन मुलांच्या पासांचा आहे. दोघांचे मिळून ३२०० रुपये केवळ दोन अर्ज वेळेवर दिल्याने वाचतात. पत्नीची सवलत अर्जाशिवाय मिळते, म्हणून ती सर्वांना ठाऊक असते. परंतु पासाची बचत तिच्या दसपट आहे आणि तीच बहुधा राहून जाते. २५ जानेवारी २०२५ पासून एस. टी.चे भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. भाडे जितके वाढते तितकी सवलत न घेतल्याची किंमतही वाढते. प्रत्येकाने आपल्या गावाचे प्रत्यक्ष भाडे घालून हा तक्ता स्वतःच्या वहीत मांडून पाहावा.

८. कोकण रेल्वेचा प्रवास

कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर २६ जानेवारी १९९८ पासून वाहतूक सुरू झाली. खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, राजापूर रोड या स्थानकांजवळील गावांना मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जाण्यासाठी रेल्वे सोयीची पडते. परंतु एस. टी. आणि रेल्वे यांचे नियम वेगळे आहेत. एस. टी.तील महिला किंवा ७५ वर्षांवरील नागरिकांची सवलत रेल्वेत चालत नाही.

रेल्वेने २० मार्च २०२० पासून विद्यार्थी, रुग्ण व दिव्यांग यांच्या काही प्रवर्गांखेरीज बाकी बहुतेक सवलती थांबविल्या. त्यांत ज्येष्ठ नागरिकांची सवलत होती. तसेच कृषी प्रदर्शन व प्रशिक्षणासाठी जाणाऱ्या शेतकऱ्यांची सवलतही होती. जुन्या माहितीवर विसंबून प्रदर्शनाच्या सहलीचा खर्च कमी धरू नये.

कर्करोगाच्या रुग्णांची सवलत मात्र मोठी आहे. उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णाला शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण सवलत, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून रेल्वेच्या ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे व ते आरक्षण खिडकीवर द्यावे. परळच्या टाटा रुग्णालयात पहिल्यांदा जाताना हे प्रमाणपत्र हाती नसते. म्हणून त्याच भेटीत पुढील खेपेचे प्रमाणपत्र मागून घेण्यास विसरू नये.

९. विनामूल्य प्रवासातही तिकीट घ्यावेच

७५ वर्षांवरील प्रवाशाला वाहक शून्य रकमेचे तिकीट देतो. ‘पैसे नाहीत तर तिकीट कशाला’ असे म्हणून काही वृद्ध ते घेत नाहीत, घेतले तर लगेच फेकून देतात. असे करू नये. सवलतीच्या तिकिटांच्या नोंदीवरूनच शासन महामंडळाला सवलतीची रक्कम देते. तिकीट निघाले नाही, तर त्या प्रवाशाची नोंद होत नाही आणि त्याचे भाडेही महामंडळाला मिळत नाही. कागदावर गाडी रिकामी दिसते. रिकामी दिसणारी फेरी तोट्याची ठरते व तोट्याची फेरी बंद होण्याची शक्यता वाढते. डोंगरातील वाडीला दिवसातून दोनच गाड्या येत असतील, तर त्यांतील एक बंद होणे परवडणारे नाही.

गाडीच नसेल तर सवलतीचा कागद काही कामाचा नाही. एस. टी. कर्मचाऱ्यांच्या संपामुळे ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत गाड्या बंद किंवा विस्कळीत होत्या. त्या काळात खेड्यापाड्यातील विद्यार्थ्यांचे व वृद्धांचे किती हाल झाले, हे आपण पाहिले आहे. तेव्हा सवलत घेणे आणि फेरी टिकविणे ही दोन्ही कामे बरोबरीने केली पाहिजेत.

गाडीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसेल, वस्तीची गाडी बंद झाली असेल किंवा नवी फेरी हवी असेल, तर एकट्याने तक्रार करण्यापेक्षा ग्रामसभेत ठराव करावा. ठरावात कोणत्या वाडीतून किती विद्यार्थी, किती पासधारक व किती वृद्ध प्रवास करतात याची संख्या आणि शाळेची वेळ लिहावी. ठरावाची प्रत आगार व्यवस्थापकांना द्यावी व एक प्रत विभाग नियंत्रक, रत्नागिरी यांना पाठवावी. जिल्ह्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, देवरुख, रत्नागिरी, लांजा व राजापूर येथे आगारे आहेत. आपल्या गावाची फेरी ज्या आगारातून सुटते, त्याच आगाराकडे अर्ज करावा. दिलेल्या अर्जाची पोच घेण्यास विसरू नये.

वाहकाने सवलत नाकारली तर गाडीत वाद घालून इतर प्रवाशांचा खोळंबा करू नये. तिकीट घ्यावे, ते जपून ठेवावे आणि गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ व मार्ग लिहून आगार व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार द्यावी. तिकीट हाच पुरावा असतो.

१०. कोणते काम केव्हा करावे?

शेतीच्या कामाप्रमाणे कागदांच्या कामालाही हंगाम असतो. मृगाचा पाऊस सुरू झाला की पेरणी, तरवे आणि शाळा उघडणे ही सारी कामे एकाच पंधरवड्यात येतात. त्या घाईत पासाचा अर्ज मागे पडतो आणि पहिला महिना पूर्ण भाड्याने जातो. म्हणून पुढीलप्रमाणे आखणी करावी.

डिसेंबर-जानेवारी : भाताची झोडणी आटोपल्यावर घरातील सर्वांची ओळखपत्रे तपासावीत. नाव, जन्मतारीख व छायाचित्र यांतील चुका आधार केंद्रावर दुरुस्त करून घ्याव्यात.

फेब्रुवारी : दिव्यांग व्यक्तीचे वैश्विक ओळखपत्र काढले नसल्यास अर्ज करावा. मुदतीचे प्रमाणपत्र असल्यास त्याची मुदत पाहावी.

मे : मुलांची छायाचित्रे व आधार कार्डाच्या प्रती काढून ठेवाव्यात. नवीन शाळेत किंवा महाविद्यालयात प्रवेश घेतानाच पासासाठी लागणारे प्रमाणपत्र मागावे.

जून : शाळा उघडण्याच्या पहिल्या आठवड्यात पासाचा अर्ज द्यावा. पुढे प्रत्येक पासाची मुदत संपण्यापूर्वी दोन-तीन दिवस नूतनीकरण करावे.

ऑगस्ट : लावणीनंतर नियमित कामावर जाणाऱ्यांनी त्रैमासिक पासाचा हिशेब करावा.

सर्व कागदांच्या मूळ प्रती एका पिशवीत व झेरॉक्स प्रती दुसऱ्या पिशवीत ठेवाव्यात. पिशवीच्या आत एका कागदावर प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, मिळणारी सवलत आणि पासाची मुदत लिहून ठेवावी. कोणाची ६५ किंवा ७५ वर्षे केव्हा पूर्ण होतात, हेही त्याच कागदावर लिहावे. म्हणजे हक्काचा एक दिवसही वाया जात नाही.

सारांश

एस. टी.च्या सवलती मिळविण्यासाठी ओळख किंवा वशिला लागत नाही. योग्य कागद आणि योग्य वेळ लागते. महिलांचे अर्धे तिकीट आपोआप मिळते, ज्येष्ठांना वयाचा पुरावा लागतो, विद्यार्थ्याला शाळेची सही लागते आणि रुग्णाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. बारावीपर्यंतच्या मुलींचा मोफत पास व इतर विद्यार्थ्यांचा एकतृतीयांश भाड्याचा पास यांतून सर्वाधिक बचत होते. म्हणून या दोन अर्जांना प्रथम प्राधान्य द्यावे. सवलतींचे नियम शासन वेळोवेळी बदलते, तेव्हा वर्षातून एकदा आगारातील सूचनाफलक वाचावा. गावातील महिला बचत गटांनी व शेतकरी मंडळांनी मे महिन्याच्या एका बैठकीत हा विषय घेतला आणि वाडीतील प्रत्येक घराचे कागद तपासून दिले, तर जूनमध्ये एकही मूल पासावाचून राहणार नाही.